चन्नप्पांची चिकटपट्टी

आमच्या शुक्रवार पेठेत चन्नप्पांच्या हातात कॅमेरा दिसला की लोक आधी छातीभर श्वास घेऊन ठेवतात. "हलू नका!" असा हुकूम सुटतो आणि मग ते कानडीत मोजायला लागतात, "ओंदु, एरडु, मूरु..." मूरुच्या आत बटण दाबल्याचं मला आठवत नाही.

कापडाचं दुकान मुलाकडे सोपवल्यावर त्यांनी हा खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेतला. फ्लॅश मारायचा नाही, हा त्यांचा बाणा. "फ्लॅशनं माणूस दचकतंय की हो!" मग अंधाऱ्या घरांत कुणाला दोन नाकं येत, कुणाला चार मिशा. एका बारशाच्या फोटोत भिंतीवरचं घड्याळ तेवढं ओळखू आलं.

हे फोटो गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं काम माझं. खाली एखादी ओळ लिहून खसखस पिकवायची हौसही माझीच. मी शाळेत विज्ञान शिकवतो, कॅमेऱ्यातलं थोडंफार कळतं.

एकदा त्यांनी मला एक बटण दाखवलं. "सर, हे आयएसओ म्हंजे काय? हितं शंभर लिवलंय."

मला पक्कं ठाऊक होतं. आकडा वाढवला की थोडक्या उजेडातही फोटो झटकन निघतो. रव्यासारखे दाणे दिसतात, पण माणूस पुसट होत नाही. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण ग्रुपवरची गंमत गेली असती.

"त्याला हात लावू नका, बिघडेल," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चन्नप्पांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. तिचाही फोटो मी ग्रुपवर टाकला.

असं दोन वर्षं चाललं. गेल्या महिन्यात डबा परत द्यायला त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात चन्नप्पा गुडघ्यांवर कोपरं टेकून बायकोसमोर बसले होते. महादेवीकाकू भाकरी थापत होत्या.

"हलू नगं, महादेवी. जरासंच."

"मी काय मुद्दाम हलवते व्हय?"

काकूंचे हात थरथरत होते. कंपवात. मला पत्ताच नव्हता. चारचौघांत त्यांचे हात कायम पदराखाली असत.

चन्नप्पांनी मला कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. परात, पीठ, पदर, सगळं जागच्या जागी. हात तेवढे धुरासारखे.

"फ्लॅश मारला की दचकती, आणखी कापतंय. डॉक्टर म्हणाले, पुढं भाकरी थापणं जमायचं न्हाई. त्याच्या आत एक फोटो पायजे. म्हणून तर गल्लीभर हात बसवालो होतो की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नखानं चिकटपट्टी काढली, आकडा सोळाशेवर नेला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. फोटो निघाला. त्यात दाणे होते, पण काकूंची दहाही बोटं भाकरीवर थांबली होती. चन्नप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्या बोटांवरून त्यांनी हळूच अंगठा फिरवला.

खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"तवा तुमालाबी ठाऊक नव्हतं की," माझ्याआधी तेच बोलले. डोळे भरले होते त्यांचे. "माझ्यासाठी शिकून आलात व्हय, सर?"

मी हो म्हणालो.

काकूंनी तीच भाकरी शेंगा चटणीबरोबर माझ्यापुढे ठेवली. "तुमचाबी एक काढतो. हलू नका!" चन्नप्पा म्हणाले. या वेळी त्यांना मोजावं लागलं नाही.

फोटो अगदी स्वच्छ आलाय. मान खाली घालून भाकरी खाणारा मी, लगेच ओळखू येतो. तो मी ग्रुपवर टाकलेला नाही.