पडक्या मठातलं एकाशन

"आत्याचा होकार? आज दिवस मावळायच्या आत खिशात!" पलूस सोडतानाच जिनेशनं ब्राह्मीला ठणकावून सांगितलं.

सोयरीक जमल्यात जमा होती. फक्त ब्राह्मीच्या आत्यानं, आक्काताईंनी, 'हूं' म्हणायचं राहिलं होतं. पण गड्याला धीर कुठला? 'हूं' मिळायच्या आधीच त्यानं प्री-वेडिंग शूटिंग ठरवलं! म्हसवडचा फोटोग्राफर अमृत म्हणाला होता, "माळावर इंग्रजांच्या काळातला पाद्र्यांचा मठ हाय. पडलाय, पण कमानी बघा नुसत्या! परदेशात गेल्यागत वाटतंय!"

आक्काताई राखणीला सोबत आल्या. सकाळपासनं त्यांनी जिनेशकडं धड बघितलंसुद्धा नव्हतं. मठ बघून मात्र हात जोडले.

"पादरी का असंनात, घरदार सोडलेली माणसं राहिली हितं. माझं आज एकाशन हाय. हितंच जेवते."

एकाशन म्हणजे दिवसातनं एकदाच, एकाच बैठकीत जेवण. बूड हललं की जेवण संपलं. मग पाण्याचा घोटसुद्धा उद्या! आक्काताईंनी कमानीखाली चटई टाकली आणि डबा उघडला.

इकडं जिनेशचा जीव वरखाली.

"ऊन चाललं की रं! सोड तो ड्रोन!"

"मालक, वर आग्या मोहोळ लटकतंय."

"मोहोळाला काय विमान कळतंय व्हय? सोड!"

ड्रोन उठला. वरातीत नाचणाऱ्या मामागत दोनदा डुलला आणि थेट मोहोळात घुसला!

पुढचं काय सांगायचं! आभाळच अंगावर आलं! अमृत रिमोट टाकून माळ उतरला तो दिसेनासाच झाला. ब्राह्मी गाडीत शिरली आणि काचा वर. आक्काताईंचा दुसरा घास चालू होता.

"आवं आक्काताई, पळा!"

"जेवते न्हवं मी?"

"माश्या आल्या!"

"येऊ द्यात. मी काय केलंय त्यांचं?"

"चटईसकट ओढू का?"

"जागा हलली की एकाशन मोडलं!"

"मग धूर करतो!"

"खबरदार! किती जीव मरतील!"

ब्राह्मीसाठी भाड्यानं आणलेला पांढरा गाऊन भिंतीवर पडला होता. घोळ एवढा, की खाली ट्रॅक्टर झाकावा! जिनेशनं तो आक्काताईंवर पसरला आणि कडा दाबून धरल्या. पहिली माशी ओठाला चावली. दुसरी नाकाला. मग त्यानं मोजायचं सोडलं.

तंबूतनं निवांत आवाज आला, "पोरा, ताक गाडीतच ऱ्हायलं की रं."

गेला बिचारा! काच वीतभर खाली झाली, बाटली बाहेर आली, काच वर. परत येईस्तोवर तोंडाची पुरणपोळी झाली होती. त्यानं बाटली गाऊनखाली सरकवली. "घ्या" म्हणायला गेला, तर ओठातनं नुसती हवा निघाली.

भाकरी संपली, ताक संपलं, हात धुऊन झाले. तोवर माश्याही वर जाऊन बसल्या होत्या. आक्काताई गाऊनमधनं बाहेर आल्या आणि समोरचा भोपळा बघून त्यांचे डोळे भरले.

"ब्राह्मे, भाईर ये! ह्या फोटोवाल्यानं माझं एकाशन राखलं बघ! लेकरू फुगलं, पर हाललं न्हाई!"

"फी फिफेफ!" जिनेश ओरडला.

"बोलू नगंस बाळा, दुखंल. आणि त्यो जिनेश कुठं हाय? पळाला न्हवं म्हातारीला टाकून?"

"आत्या, अगं, ह्योच तर..."

"तू गप! त्याची बाजू घिऊ नगंस! असल्या पळपुट्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाई. आत्ताच त्याला फोन करून सांगते."

आक्काताईंनी फोन लावला. समोरच्या भोपळ्याच्या खिशात रिंग वाजली. सवयच माणसाची! जिनेशनं आपला फोन काढून कानाला लावला.

"हाफो!"

आक्काताईंनी मोबाईलवर हात ठेवून ब्राह्मीकडं बघितलं.

"ऐकलंस? भेदरून बोबडी वळलीया मुडद्याची!"