सात अष्टमांश फरशी

"फरशीचं मी बघतो! कुणी मध्ये पडायचं नाही!" ढगोबांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं आणि घरातल्या सगळ्यांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, देवाला हात जोडले. यापूर्वी ढगोबा 'मी बघतो' म्हणाले होते ते गळक्या नळाबद्दल. त्या दिवशी खालच्या मजल्यावरची मंडळी छत्र्या उघडून जेवली होती!

ढगोबा म्हणजे हवामान खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. दिवसातून तीनदा गच्चीवर जायचं, आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, त्यातले किती ढगांनी झाकलेत ते बघून वहीत लिहायचं, ही छत्तीस वर्षं त्यांची नोकरी. आज दोन अष्टमांश, उद्या पाच अष्टमांश. नोकरी सुटली, पण मान वरची खाली आली नाही. रस्त्याने चालताना ते विजेच्या खांबाला धडकत आणि त्यालाच "माफ करा हं" म्हणून पुढे जात. मेव्हण्याने थट्टेत ठेवलेलं ढगोबा हे नाव त्यांना इतकं चपखल बसलं, की खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं.

घर विकायचं ठरलं होतं. लेक दुसऱ्या गावी राहायची आणि नात नुकतीच धरून धरून उभी राहायला लागली होती. लेकीच्या भिंतीला भिंत लागून दोन खोल्यांचं एक घर विक्रीला निघालं. तिथल्या मालकीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होत्या, त्यापुढे एक दिवस नाही! तोवर इथलं घर गेलं तर ठीक, नाही तर नातीचं पहिलं पाऊल फोनवर बघायचं, एवढा सरळ हिशेब होता.

एजंट येऊन घर बघून गेला. "काका, बाकी सगळं झकास! पण ही फरशी? एक तर घासून लख्ख करा, नाही तर उखडून नवी टाका. ही बघितली तर गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरेल."

बायकोने दुसऱ्याच दिवशी फरशीवाल्याला बोलावलं. त्याने चार ठिकाणी ठोकून बघितलं आणि डॉक्टरासारखी मान हलवली. "काढून टाका. दोन दिवसांचं काम. काका, जरा खिडकीपासून बाजूला व्हा, माप घ्यायचंय."

"इथलं माप नको."

"का?"

"इथे मी उभा आहे!"

"मग बसा की तिकडे."

"मला उभं राहायलाच आवडतं," ढगोबा म्हणाले आणि खरोखरच तासभर तिथे उभे राहिले. फरशीवाला कंटाळून गेला. बायकोने कपाळावर हात मारला. तिला वाटलं, यांचा नेहमीचा चालढकलपणा!

पण ढगोबांच्या तळव्याखाली एक गुपित होतं. खिडकीजवळच्या त्या कोपऱ्यात, त्यांच्या आरामखुर्चीच्या आडोशाला, एका फरशीवर निळ्या तैलरंगाचं एवढंसं पाऊल होतं. खूप वर्षांपूर्वी खिडक्या रंगवल्या, त्या दिवशी ते कामावरून घरी आले तर हे पाऊल उमटलेलं! पाच बोटं, पाच टिकल्या. लेकीचं पहिलं पाऊल! त्यावर त्यांनी खुर्ची ठेवली ती ठेवलीच. रोज संध्याकाळी खुर्चीत बसून ते पायाच्या अंगठ्याने ते पाऊल हळूच चाचपायचे, आणि मग त्यांना बाहेरचं आभाळ जरा जास्तच निळं दिसायचं. हे कुणाला सांगायची त्यांना लाज वाटे. फरशी बदलली की पाऊल गेलं! म्हणून फरशी बदलायची नाही, घासायची. तो कोपरा सोडून.

आणि घासायची तर शास्त्रशुद्ध! ढगोबांनी नवी वही घातली. खोलीचे खडूने आठ भाग केले. आठवा भाग खिडकीचा, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या सातांवर सात वेगळे प्रयोग, आणि प्रत्येकाची दिवसातून तीनदा नोंद.

"अहो, एकच काहीतरी सगळीकडे लावा ना!" बायको म्हणाली.

"आणि तेच चुकलं तर? निरीक्षणाशिवाय अंदाज बांधायचा नसतो!"

"तुमचे अंदाज मला सांगू नका. लग्नाच्या दिवशी आभाळ निरभ्र राहील म्हणाला होतात. अजून ती साडी आक्रसलेलीच आहे!"

पहिला भाग साबणाने झाला. दुसऱ्यावर सोडा लावला, तो फिकट पिवळा पडला. लिंबाचा भाग पांढुरका झाला आणि व्हिनेगरने खोलीत असा वास सुटला, की शेजारणीने दार वाजवून विचारलं, "लोणचं सांडलं का हो?" पाचव्यावर फरशीचं अ‍ॅसिड जरा जास्त वेळ राहिलं, कारण तेवढ्यात खिडकीबाहेर एक सुरेख पिंजलेला ढग चालला होता. सहाव्यावर काय लावलं ते ढगोबा स्वतःच लिहायला विसरले.

सातव्यासाठी भाड्याने मशीन आणलं. गोल ब्रशचं, लांब दांड्याचं, चांगलं गलेलठ्ठ! बटण दाबताच ते ढगोबांना घेऊन निघालं. "अहो, थांबवा!" बायको ओरडली. "मी नाही, तेच चाललंय!" ढगोबा ओरडले. मशीनने त्यांना सोफ्याभोवती एक प्रदक्षिणा घडवली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन परत आणलं आणि खिडकीच्या कोपऱ्याकडे मोहरा वळवला! तेव्हा मात्र ढगोबांनी दांडा सोडून मशीनसमोर चक्क लोटांगण घातलं. बायकोने धावत जाऊन वायर उपटली. भिंती कमरेपर्यंत चिखलाने माखल्या होत्या, आणि ढगोबा पोटाखाली आठवा भाग झाकून पडले होते.

"फरशी साफ करताय की पोहताय?" बायकोने विचारलं.

संध्याकाळी ऊन तिरपं होऊन खोलीत आलं. ओलसर फरशी वाळत होती. ढगोबा स्टुलावर बसून बघत राहिले. एक भाग पहाटेचा, धूसर. एक दुपारचा, डोळे दिपवणारा. अ‍ॅसिडचा भाग वादळाआधीच्या आभाळासारखा जांभळट. छत्तीस वर्षांत एकाच वेळी सात आभाळं त्यांनी कधी बघितली नव्हती! चिखल पुसता पुसता बायकोही क्षणभर टेकली. खोली हळूहळू तरंगायला लागल्यासारखी झाली.

"छान दिसतंय," शेवटी ती म्हणाली. "पण विकायचं कसं? उद्या अकराला गिऱ्हाईक यायचंय!"

महिना संपायला चारच दिवस होते.

सकाळी लेक आली. छोटीला नवऱ्याजवळ ठेवून खास मदतीला आली होती. तिने खोली बघितली, तोंडावर हात ठेवून पोटभर हसली आणि पदर खोचून कामाला लागली. पावणेअकराला ढगोबा एजंटला आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. एजंट दिसेना म्हणून, वाटेत दोन खांबांची माफी मागून, परत आले, तर खुर्ची दारात आणि लेक खिडकीजवळ गुडघ्यांवर! हातात ब्लेड, शेजारी थिनरची बाटली. आठवा भाग आरशासारखा लख्ख!

"बाबा, एवढाच कोपरा राहिला होता. कसला तरी निळा रंग, खरवडून खरवडून हात दुखले!"

ढगोबा मटकन खुर्चीत बसले. "अगं... ते तुझं पाऊल होतं," ते कसेबसे म्हणाले. "पहिलं पाऊल. इतकी वर्षं जपलं होतं मी." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्या हातातलं ब्लेड गळून पडलं.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको बाहेर आली. "कुणाचं पाऊल?"

"हिचं!"

"हिला तेव्हा दातसुद्धा आले नव्हते, पाऊल कुठलं! शेजारणीची भाची सुट्टीला आली होती, तिने डब्यात पाय घातला. तिचं नावही आता आठवत नाही मला!"

ढगोबांनी डोळे पुसले, आणि मग पुसलेल्या डोळ्यांनी कुठे बघावं तेच त्यांना कळेना.

तेवढ्यात एजंटबरोबर एक नवरा-बायको आत आले. सात रंगांच्या फरशीवरून ते सरळ चालत गेले आणि खिडकीशी जाऊन थांबले.

"केवढं आभाळ दिसतं हो इथून!" बाई म्हणाल्या. "अहो, हेच घर घ्यायचं!"

"आणि फरशी?" ढगोबांनी धीर करून विचारलं.

"कुठली फरशी?" त्यांनी खाली बघितलं. "ही होय! ती तर आम्ही काढूनच टाकणार. लाकडी घालायचीय."

ढगोबांनी वर बघितलं. तीन आठवडे त्यांनी जेमतेम एक ढग बघितला होता. बाहेर निरभ्र होतं.

गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कम लगेच दिली, ती मालकीणबाईंकडे गेली आणि नव्या घरात ते महिनाअखेरीच्या एक दिवस आधी पोचले. पुढच्या आठवड्यात ढगोबांनी खिडकी स्वतः रंगवायला घेतली. रंग निळा! डब्याचं झाकण त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं, डबा मुद्दाम जमिनीवर ठेवला, आणि नातीला मुद्दाम खोलीत आणून उभं केलं. ती भिंत धरून डुलत होती. आता टाकेल, मग टाकेल! ढगोबा डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होते. इतक्यात खिडकीबाहेर एक पिंजलेला, पिसासारखा ढग आला. "अरे वा!" म्हणून ते नीट बघायला दोन पावलं मागे सरले.

धडाम आवाज ऐकून बायको धावत आली. नात भिंतीला धरून टाळी वाजवायचा प्रयत्न करत होती. नव्या घराच्या कोऱ्या फरशीवर एक निळं पाऊल उमटलं होतं. नऊ नंबरचं.

बायकोने ब्रश आणि सोडा आणला. भिंतीपलीकडून धावत आलेल्या लेकीने तिचा हात धरला.

"राहू दे, आई. हे तरी कुणाचं आहे ते आपल्याला नक्की माहीत आहे."