पिवळी चौकट आणि रकाना चार

तंबाखू आरोग्याला घातक आहे हे सर्वमान्य आहे. पण ती कोणत्या समाजगटाला किती घातक आहे, हे मोजल्याशिवाय सुशिक्षित माणसाला चैन पडत नाही. म्हणून सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाने एक उपसमिती नेमली, आणि मला फॉर्म घेऊन पाठवलं. रकाने चारच होते: वय, दिवसाला किती, कधीपासून, आणि आडनाव. (समाजगट आम्ही आडनावावरून काढणार होतो. सरळ विचारणं बरं दिसत नाही.)

एकशे चाळीस फॉर्म भरून आले. तुआसच्या गोदीतले कामगार ‘ओढतो’ एवढंच सांगून कामाला लागले. मॅनेजर मंडळींपैकी नव्वद टक्के ‘ओढत नाही, कधीतरी पार्टीत’ या गटात मोडले. (ही पार्टी रोज दुपारी चारला पाया लेबारच्या एका ऑफिस इमारतीमागे असते.) स्त्रियांचं प्रमाण शून्य आहे. तीन सासूबाई गावी मिश्री लावतात, पण ती आम्ही दंतमंजनात धरली.

त्या इमारतीमागे कचरापेटीभोवती जमिनीवर एक पिवळी चौकट आखलेली आहे. आत ओढलेली चालते, बाहेर दंड बसतो. तिथे तीन वर्षं रोज दोघं भेटत होते: अकराव्या मजल्यावरचा मॅनेजर संजीव, मूळचा पुण्याचा, आणि चौथ्या मजल्यावरचा इंजिनिअर रावसाहेब, मूळचा नांदेडचा. दोघांत लायटर एकच. मुलीचं गणित, आईचा गुडघा, इथला कामाचा पास रिन्यू होईल की नाही, सगळं बोलून झालं होतं. आडनाव तेवढं राहून गेलं होतं. येत्या रविवारी संजीव बायको-मुलीला घेऊन रावसाहेबाच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर जेवायला जाणार होता. रावसाहेबाच्या बायकोने, नंदाने, येसर आमटीचा मसाला भाजूनही ठेवला होता.

मी फॉर्म घेऊन चौकटीत शिरलो. संजीवने आडनाव सांगितलं. मग रावसाहेबाने सांगितलं. मी दोन्ही लिहून घेतली.

“अच्छा,” संजीव म्हणाला. मग राख झटकत, “तुम्ही मूळचे कुठले म्हणालात?”

“नांदेड. तीन वर्षं तेच सांगतोय तुला.”

“हो हो, छानच की.” त्याने अर्धी सिगारेट विझवली आणि मीटिंग आहे म्हणून वर गेला.

पंधरा दिवसांनी मी पाठपुराव्याला गेलो, तेव्हा चौकटीत रावसाहेब एकटाच होता.

“संजीवनं सोडली,” तो म्हणाला. “तब्येतीला चांगलंच आहे.”

“रविवारी आले होते का?”

“मुलीची परीक्षा निघाली म्हणे.” (इथल्या शाळांना सध्या महिनाभर सुट्टी आहे.) “मसाला तसाच आहे डब्यात. तुम्ही या ना येत्या रविवारी.”

मला फार वाईट वाटलं. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. मी “बघतो” म्हणालो. रविवारी हा अहवाल लिहायचा होता.

निष्कर्ष: तीन वर्षांचं व्यसन एका रकान्यात सुटलं. उपाय बिनखर्चाचा असल्याने तो बेटावरच्या सर्व चौकटींत राबवावा, अशी उपसमितीची शिफारस आहे.

ता. क. गोपनीयतेसाठी दोघांचीही आडनावं इथे दिलेली नाहीत. एव्हाना ती तुम्ही मनातल्या मनात भरली असतीलच. उपसमितीला तुमच्यासारख्या स्वयंसेवकांची गरज आहे. सिगारेट ओढत नसलात तरी चालेल.