लाँड्री बंद पडली असं धरून

हॉटेलच्या मॅनेजरला नोकरीत कायम व्हायला एकच काम उरलं होतं. बाहेरून काम करून देणाऱ्यांपैकी एखाद्याने ऐनवेळी हात वर केले, तर हॉटेल चालेल का, याचा अहवाल मालकीणबाईंना द्यायचा होता. दुसरा कोणी असता तर दोन पानं खरडून मोकळा झाला असता. पण याच्या अंगात काटेकोरपणा संचारला. चादरी धुणाऱ्या लाँड्रीला पर्याय म्हणून दुसरी एक हाताशी ठेवलेली होती. तिथे त्याने सकाळीच फोन लावला.

"असं धरून चाला, की आमची नेहमीची लाँड्री आज बंद पडली. तुम्ही चादरी संध्याकाळपर्यंत द्याल?"

"देतो की! पण बंद पडली?"

"छे हो, नुसतं विचारतोय."

"आलं लक्षात. माझ्याकडून कुठे जाणार नाही."

हा गृहस्थ नेहमीच्या लाँड्रीवाल्याचा सख्खा मेहुणा होता, हे अहवालात कुठेच नव्हतं. त्याने लगेच बहिणीला फोन केला. "ताई, भाऊजींनी धंदा गुंडाळला आणि मला परक्याकडून कळतंय?"

ताईला तर नवऱ्याकडूनही कळलं नव्हतं. ती तडक लाँड्रीत पोचली.

"गुंडाळायचं होतं, तर घरात सांगायला तोंड नव्हतं?"

"कोण गुंडाळतंय?"

"म्हणजे माझा भाऊ खोटारडा?"

इस्त्रीवाल्यांनी एवढं ऐकलं आणि नवी नोकरी बघायला मेहुण्याकडे धाव घेतली. ताईने नवऱ्याला बाहेर काढलं, शटर ओढून कुलूप ठोकलं आणि किल्लीसकट माहेर गाठलं. मेहुणाही आपलं दुकान बंद करून तिची समजूत काढायला गेला. हॉटेलच्या सगळ्या चादरी कुलपात, आणि संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांची परिषद मुक्कामाला येणार होती.

मॅनेजर धापा टाकत ताईंच्या माहेरी गेला. "अहो, मी नुसतं विचारलं होतं!"

"तुम्ही नवराबायकोत पडू नका," ताईंनी दार लावलं.

शेवटी खिडक्यांचे पडदे उतरवून पलंगांवर अंथरले. डॉक्टर मंडळी उजाडताच डोळे चोळत खाली आली आणि चहाच्या आधी तक्रारवही मागू लागली.

मालकीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मॅनेजरने मान खाली घातली होती.

"एका फोनवर दोन लाँड्र्या बंद पडतात, हे कळलं. अहवाल चांगला झालाय," त्या म्हणाल्या. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला.

"आता एकच तपासायचं राहिलं. उद्यापासून असं धरून चालू, की हॉटेलला मॅनेजरच नाही."

"बाई, कायमचं?"

"छे हो," बाई म्हणाल्या, "नुसतं बघतेय."