डोक्यात नसलेलं छत

माझ्या हिशेबात चूक दाखवा आणि माझ्या मिशा उतरवा! इतकी वर्षं ठेकेदारी केली ती याच बोलण्यावर. त्यामुळे सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीचं टेंडर निघालं, तेव्हा बायकोला सांगून टाकलं, "काम आपलंच समज."

आणि मिळालंच की हो! माझी बोली सगळ्यात कमी निघाली. इतकी कमी, की बाकीचे ठेकेदार माझ्याकडे दयेने बघायला लागले.

"छत धरायचं विसरलात की काय?" एकाने खवचटपणे विचारलं.

मी हसलो. घरी येऊन कागद काढले आणि ओळ न् ओळ तपासली. पाया होता, भिंती होत्या, खिडक्यांच्या कड्यासुद्धा होत्या. छत नव्हतं!

कच्च्या हिशेबात होतं हो! पक्का उतरवताना नेमक्या त्याच ओळीला बायकोचा फोन आला. "स्वयंपाकघराचं छत गळतंय, कधी बघताय?" "बघतो," म्हणालो, फोन ठेवला आणि पुढच्या ओळीपासून लिहायला लागलो. कच्चा कागद? तो तिने गळतीच्या बादलीखाली घातला, त्याचा लगदा झाला.

धावत टेंडर मंजूर करणाऱ्या इंजिनिअरसाहेबांकडे गेलो.

"हाताची चूक असेल, म्हणजे लिहिताना राहिलं असेल, तर बोली मागे घेता येते," ते म्हणाले. "डोक्याची असेल, म्हणजे मुळात धरलंच नसेल, तर ठरल्या पैशांत काम करायचं. नाहीतर अनामत जप्त आणि नाव काळ्या यादीत."

माझं डोकं तडकलं. "अहो, बिनछताची इमारत मंजूर केलीत! तुमच्या तरी लक्षात आलं का?"

"आम्ही फक्त बेरीज तपासतो. बेरीज बरोबर होती. साक्षीदार आहे का कुणी?"

होती ना! जिने फोन केला, ती. जाताना रस्ताभर पढवलं, "एवढंच सांग, तुझ्या फोनमुळे लिहायचं राहिलं."

साहेबांसमोर बसताच तिचा पारा चढला. नवऱ्यावर अन्याय होतोय म्हणजे काय!

"साहेब, हा माणूस लबाड नाही हो! छत हा विषय यांच्या डोक्यातच नसतो! आमचं स्वयंपाकघर दोन वर्षं गळतंय!"

साहेबांनी पेन उचललं. "डोक्यातच नसतो?"

मी टेबलाखालून तिला लाथ मारली. ती साहेबांना लागली.

"मुळीच नसतो!" बायको ठणकावून म्हणाली.

"म्हणजे चूक डोक्याची," साहेब पाय चोळत म्हणाले आणि तसं लिहून मोकळे झाले.

घातलं छत! माझ्या खिशातून, वर्षाची कमाई ओतून. चार ओळी लिहिणाऱ्या त्या साहेबाचं काय गेलं? उद्घाटनात छताचं कौतुकही त्यानेच केलं!

वाचनालयात आता एक थेंब गळत नाही. घरच्या छताला हात लावायला पैसाच उरला नाही. बायको सकाळी भाजी निवडायची परात घेऊन निघते, ती थेट संध्याकाळी येते.

"वाचनालयात भाजी निवडतेस?" मी एकदा ओरडलो.

"मग? आपल्याच पैशांचं छत आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं मागत होते. शेवटी घातलंत ना!"