एकही पान सुटणार नाही

धाकटीच्या वडिलांचं म्हणणं असं की, तीस वर्षांत त्यांनी बांधलेल्या पुस्तकाचं एकही पान सुटलेलं नाही. हे ते दिवसातून दोनदा गिऱ्हाइकांना ऐकवत, आणि गिऱ्हाईक नसलं तर घरच्यांना. कोर्टाची रजिस्टरं, कॉलेजचे प्रबंध, दवाखान्याच्या नोंदवह्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे उन्हाळी पियानो शिबिराला निघालेली आपली चौदा वर्षांची लेक स्वरलिपीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबते आहे हे पाहिल्यावर त्यांना राहवेना.

"हे असं न्यायचं? बाइंडरच्या मुलीनं?"

"बाबा, सगळे असेच नेतात."

"सगळ्यांचे बाप बाइंडर नसतात."

निघायच्या दिवशी पुस्तक तयार होतं. निळं कापड, जाड पुठ्ठा, लाल रिबीन, चारी कडा मशीनवर एकसारख्या कापलेल्या आणि वर सोनेरी अक्षरांत धाकटीचं पूर्ण नाव. शिलाई कडेनं आणि दुहेरी दोऱ्याची. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उघडून बघावं हे मात्र दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शिबिर दहा दिवसांचं आणि मुक्कामी होतं. चोवीस मुलं, सरावाच्या बारा खोल्या आणि त्या सगळ्यांवर एक मोठ्या बाई. शेवटच्या दिवशी कार्यक्रम व्हायचा आणि त्यातून बाई एकाच मुलाला वर्षभर शिकवायला निवडायच्या. धाकटीला ती जागा हवी होती. घराजवळच्या मास्तरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "माझ्याकडचं संपलं, पोरी. आता मोठ्या बाईंनी घेतलं तर पुढं, नाहीतर हेच पुन्हा पहिल्यापासून."

पहिल्या सरावाला धाकटीनं पुस्तक पियानोच्या स्टँडवर ठेवलं, उघडलं आणि हात पट्ट्यांवर नेले. पुस्तक दार लावल्यासारखं मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. पियानो वाजवायला दोन हात लागतात आणि हे पुस्तक उघडं ठेवायलाही दोनच लागत होते. देवानं मात्र एकूण दोनच दिलेले.

खोलीतल्या चष्मेवाल्या मैत्रिणीनं कपड्यांचे चिमटे आणून दिले. तिसऱ्या ओळीला एक चिमटा उडाला आणि थेट पियानोच्या पोटात गेला. त्यानंतर मधली एक पट्टी दाबली की 'टक' एवढाच आवाज यायचा. सूर लावणाऱ्या माणसाला बोलावणं गेलं. त्यानं चिमटा काढून धाकटीच्या हातात ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग पुस्तक उघडं करून दिवसभर पलंगाच्या पायाखाली ठेवलं. पलंग तिरका झाल्यामुळे चष्मेवाली दुपारी झोपेत घरंगळली, पुस्तक मात्र जसंच्या तसं. ऑफिसातल्या क्लार्कनं झेरॉक्स काढून पाहिली, तर शिलाईच्या बाजूचं अर्धं पान काळं आलं. शिवाय तेव्हाच कळलं की, कडा एकसारख्या करताना बाबांच्या मशीननं प्रत्येक पानाची शेवटची ओळ तळातून अर्धी खाल्ली होती.

"ब्लेड देऊ? पानं कापून काढ," चष्मेवाली म्हणाली.

"बाबांनी बांधलंय गं ते."

"म्हणून काय वाजवायचंच नाही?"

धाकटीनं ब्लेड घेतलं नाही. रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा.

"पुस्तक कसं आहे?"

"घट्ट आहे, बाबा."

"असणारच."

शेवटी तिनं स्वतःच मार्ग काढला. दोन्ही हातांनी पुस्तक धरून दोन ओळी वाचायच्या, सोडून द्यायचं, तेवढ्या वाजवायच्या, पुन्हा धरायचं. अशा रीतीनं सहाव्या दिवसापर्यंत अकरा पानांची मोठी रचना तिला तोंडपाठ झाली. कापल्या गेलेल्या ओळी तिनं कानाला बऱ्या वाटतील तशा भरल्या. सातव्या दिवशी बाईंनी ऐकलं, तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ही खालची ओळ लिहिलीय तशी नाही."

"माझ्याकडे लिहिलेली नाहीच, बाई."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं, जोर लावून उघडलं, त्यात बोट चेंगरून घेतलं आणि परत केलं. चुकलेल्या ओळी त्यांनी दोन दिवसांत दुरुस्त करून घेतल्या. मग म्हणाल्या, "पाठ आहे हे चांगलं. तरी कार्यक्रमात समोर उघडं असू दे. पाठ केलेलं नेमकं स्टेजवर विसरतं."

कार्यक्रमाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारच्या गृहस्थांना शिलाईचे प्रकार समजावत होते. धाकटीनं पुस्तक स्टँडवर उघडलं आणि सुरुवात केली. चौथ्या ओळीला ते मिटलं. ती वाजवत राहिली, कारण तिला त्याची सवय होती. बाबांना नव्हती.

ते उठले. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, बाहेर निघाले असतील. बाबा तीन पायऱ्या चढून सरळ स्टेजवर गेले, पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. धाकटीचा एक सूर चुकला. आता सगळं संपलं असं तिला वाटलं.

"पान उलटायचं झालं की सांग," बाबा कुजबुजले. त्यांना त्या ठिपक्यांतलं अक्षरही कळत नव्हतं.

वाजवताना बोलता येत नाही, आणि बोललं तर सूर निसटतो. धाकटी नुसती वाजवत गेली. बाबा पहिलं पान धरून उभे होते. दुसरं पान झालं, पाचवं झालं, नववं झालं. त्यांचे अंगठे पांढरे पडले होते, नखांत वाळलेला सरस दिसत होता. तिला बापाची भयंकर लाज वाटली आणि त्याच क्षणी त्याच्यावर अतोनात माया आली. तिचं शेवटचं पान त्या दिवशी फार सुंदर वाजलं.

कार्यक्रम संपल्यावर बाई आल्या. त्यांनी आधी बाबांकडे आणि मग धाकटीकडे पाहिलं.

"पुढच्या महिन्यापासून ये," त्या म्हणाल्या. "वडिलांना आणलं नाहीस तरी चालेल."

परतीच्या बसमध्ये बाबा अंगठे चोळत बसले होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी हळूच विचारलं, "एक सांग. ते पहिलं पान एवढं लांब असतं का गं?"

"हो, बाबा," धाकटी म्हणाली. "तेच सगळ्यात लांब असतं."

"मग ठीक," बाबा सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. "मला वाटलं, तू मला सांगायला विसरलीस."