दगूअक्काचं लुगडं

आमच्या जळगावच्या कॉलनीत नवं माणूस राहायला आलं की दगूअक्का आधी त्याच्या कपड्याला चिमटीत धरते, मग नाव विचारते. बँकेच्या मॅनेजरची बाही भर रांगेत चाचपून तिनं निकाल दिला होता, "साहेब, हे दोन धुण्यांत जाईल." माझ्या भावाच्या लग्नात नवरदेवाची शेरवानीही सुटली नाही. कोणी रागावलं तर म्हणते, "सूत खोटं बोलत नाही. माणसाचं सांगता येत नाही."

मी तिची शेजारीण. शाळेत शिकवते, म्हणून तिच्यासाठी मी 'मास्तरीण'. मागच्या थंडीत ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "मास्तरीण, धुळ्याला चल. विणकरांच्या मोहल्ल्यात. हातमागाचं नऊवारी लुगडं पाहिजे."

"अक्का, दुकानात मिळेल की."

"दुकानात मिळतं ते मला नको."

मोहल्ला जुना. गल्ली इतकी अरुंद की समोरून सायकल आली तर एकानं ओट्यावर चढायचं. लाकडी सज्जे, कोपऱ्यावर मशीद, भट्टीवर नानकटाईचा वास. फक्त मागांची खडखड ऐकू येत नव्हती. एका ओट्यावर पांढऱ्या दाढीचे रशीदचाचा नमाजहून येऊन टेकले होते. अक्कानं आवाज चढवून हिंदी सुरू केली, "हमकू लुगडा मंगता! नऊवारी! हातमाग का!"

चाचांनी कानावर हात ठेवला. "बहीन, अहिराणीमा बोल ना. तुन्हं हिंदी माले समजस नही."

अक्कानं हिंदी तिथंच सोडली आणि अहिराणीत लुगडं मागितलं.

"आज जुम्मा शे," चाचा म्हणाले. "बठ्ठा माग बंद शेतस."

"मंग मी आठेच बठस. सकाय शनवार शेच ना!" आणि अक्का खरंच उद्यापर्यंत थांबायच्या तयारीनं ओट्यावर मांडी घालून बसली.

तिनं पिशवीतून विटलेल्या निळ्या कापडाचा तुकडा काढला. लाल काठ, काठात बारीक पिवळी रेघ. चाचांनी तो उजेडात धरला. असा काठ आमच्याच गल्लीत निघायचा, म्हणाले. पण आता घरात हातमाग एकच उरलाय, तोही खड्ड्याचा. त्यात पाय सोडून बसायला गुडघे नाहीत, काठ मोजायला डोळे नाहीत. नाही जमायचं.

अक्का हलली नाही. चाचांच्या बायकोनं, खातूनबींनी, चहा दिला. अक्कानं तो घेतला आणि पुन्हा तेच म्हणाली. जेवणाची वेळ झाली. खातूनबींनी आम्हाला आत नेऊन वरणभात वाढला. अक्का जेवली आणि पुन्हा ओट्यावर येऊन बसली. शेवटी खातूनबीच नवऱ्यावर खेकसल्या, "काठाचे धागे मी मोजते. तुम्ही खड्ड्यात उतरा. ही बाई नाहीतर रमजानपर्यंत उठायची नाही."

"कुणासाठी एवढं?" चाचांनी विचारलं.

"माझ्यासाठी. लुगडं नेसायला कारण लागतं का?" अक्का तोऱ्यात म्हणाली.

महिन्याभरानं आम्ही ते आणायला गेलो. अक्कानं काठावरून बोट फिरवलं. खोट काढायला एकही शब्द सापडला नाही, म्हणून गल्लीच्या गटारावर दोन शब्द बोलली. बसस्टँडवर मात्र बायकांच्या खोलीत शिरली आणि नवं लुगडं नेसूनच बाहेर आली. जळगावची बस उभी होती. ती सोनगीरच्या बसमध्ये चढली.

सोनगीर तिचं माहेर. तिथं तिची धाकटी बहीण, सुमन, भाच्याच्या घरी असते, एवढं मला माहीत होतं. सुमनची स्मृती गेलीय, वर्षभर ती अक्काला ओळखत नाही, 'ही परकी बाई कोण' म्हणून तिच्या हातचं पाणीही घेत नाही, हे मला त्या बसमध्ये कळलं. त्यांची आई पोरी लहान असतानाच गेली. पिशवीतला तुकडा आईच्या लुगड्याचा होता.

सुमन अंगणात खाटेवर बसली होती. समोरचं ताट तसंच. आम्ही फाटकातून आत गेलो. तिनं निळं लुगडं पाहिलं, लाल काठ पाहिला, आणि तिचे दोन्ही हात वर झाले.

"माय! इतला येळ कथी गयथी तू?"

आयुष्यभर कुणाचं चुकीचं बोलणं खपवून न घेतलेली दगूअक्का खाटेवर तिच्या शेजारी बसली. ताट जवळ ओढलं.

"बाजारमा गयथू, बेटा," ती म्हणाली. "आ कर."